मांडवाचे अँगल, गाईंचं कुंपण

एप्रिल 2022 मध्ये आम्ही द्राक्षाची एक एकर बाग तोडली. वेली दोन दिवसांत निघाल्या, मांडव उतरवायला मात्र आठवडा गेला. तारा गुंडाळून ठेवल्या, अँगल, म्हणजे मांडव पेलणारे वाय आकाराचे लोखंडी खांब, विहिरीजवळ रचले. तिसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर. या लोकांना वास कसा लागतो कोण जाणे. आमचे हे वजनकाट्याचं बोलायला लागले, तर नाना, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरूनच म्हणाले, "एक अँगल हलवायचा नाही." पंधरा वर्षं उभी असलेली बाग गेली होती, निदान लोखंड तरी राहू दे, असं त्यांना वाटत असावं.

मग मीच मोकळ्या गोठ्याचा विषय काढला. गोठ्यात तेव्हा सात गाई होत्या, सगळ्या दाव्याला. पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, एक जर्सी संकरित आणि एक पहिलारू कालवड. पहाटे पाचला उठून सात जणींचं शेण काढायचं आणि मग बादलीने पाणी पाजायचं, हे काम माझं. भर उन्हाळ्यात दुधाची एचएफ दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पाणी पिते. हिशेब करा, किती बादल्या झाल्या. गाई मोकळ्या सोडल्या, हौद भरून ठेवला, की त्या आपल्या आपण पितील. संगमनेरकडे माझ्या नणंदेच्या घरी मुक्तसंचार, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवायचा, गोठा आहे, तो मी पाहिलेला होता. तिच्याकडे गाईमागे दोनशे चौरस फूट जागा धरली होती. आम्ही पुढेमागे बारा-तेरा गाई होतील असं धरून साठ बाय पंचेचाळीस फुटांची आखणी केली. एका कडेला जुनं पत्र्याचं शेड आणि गव्हाण, बाकी उघडं अंगण, आणि चारही बाजूंनी त्याच अँगलांचं कुंपण.

नानांचा एकच प्रश्न होता. "मोकळ्या गाई एकमेकींना मारतील, आणि तू धार काढायला कोणाच्या मागे पळशील?" प्रश्न बरोबर होता. फक्त त्याचं उत्तर आम्हाला दोन वर्षं लागली द्यायला.

कुंपणाचं पहिलं भांडण काटेरी तारेवरून झालं. घरात काटेरी तारेची दोन बंडलं पडून होती, फुकटची. वरच्या दोन ओळी जुन्या मांडवाच्या साध्या तारेच्या आणि खालची काटेरी, असं ह्यांनी ठरवलं. मी नको म्हणत होते, पण मला कारण नीट सांगता येत नव्हतं, नुसतं मन खात होतं. कारण वीस दिवसांत कळलं. गंगा नावाची आमची सगळ्यात दुधाळ गाय, व्यायलेली, कास भरलेली. दुसरीने ढुशी दिली म्हणून मागे सरकली आणि तारेला घासली. संध्याकाळी धारेला बसले तर मागचं डावं सड बोटभर फाटलेलं. डॉक्टरांनी टाके घातले, आठ दिवस त्या सडातून नळीने दूध काढलं, आणि शेवटी तो भाग आटला तो आटलाच. गंगा त्यानंतर तीन सडांवर आली. सकाळी अकरा लिटर देणारी गाय आठवर. काटेरी तारेचं बंडल फुकटचं होतं ना, मग किंमत अशी वसूल झाली. काटेरी तार शेताच्या कडेला ठीक आहे, दुभती गाय जिथे अंग घासते तिथे नाही. त्या रात्रीच ह्यांनी पक्कड घेऊन बॅटरीच्या उजेडात ती सगळी तार कापून काढली, एक शब्द न बोलता.

साधी तारही टिकली नाही. द्राक्षाच्या वेलीचं ओझं खाली असतं, सरळ. गाय आडवी लोटते. घासाची एक पेंढी कुंपणाबाहेर दिसली की मान घालते, अंग रेटते, आणि पाचशे किलोचं धूड रोज त्याच जागी रेटत असेल तर तारेचा झोळ होतोच. झोळ झाला की पुढची गाय तिथूनच मान घालते. महिन्याभरात आमचं कुंपण धुणं वाळत घालायच्या दोरीसारखं दिसायला लागलं.

मग पाइप आणले. दीड इंची, गोल, जाड भिंतीचे. तीन आडव्या ओळी: खालची दीड फुटावर, मधली तीन फुटांवर, वरची सव्वाचार फुटांवर. खांब मांडवाचेच अँगल, दर सात फुटांवर एक. इथे वेल्डिंगवाल्याने एक गोष्ट सांगितली ती मी सगळ्यांना सांगते. पाइप खांबाच्या आतल्या बाजूने लावायचा, गाईंच्या बाजूने. आमच्या मनात उलटं होतं, बाहेरून लावला की दिसायला बरं. पण गाय आतून लोटते. पाइप आत असेल तर लोटलेला जोर पाइपातून खांबावर जातो. बाहेर असेल तर सगळा जोर वेल्डिंगच्या टाक्यावर येतो आणि टाका सुटतो. शिवाय अँगलची धार गाईच्या बरगड्यांना लागत नाही, गोल पाइपच लागतो. वाय आकाराचे वरचे हात कापल्यावर अँगलची टोकं सुरीसारखी झाली होती. त्यांवर मी जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे चढवून तारेने आवळले. अजून आहेत, काळे काळे, दुरून कावळे बसल्यासारखे दिसतात.

हे सगळं जूनच्या आत झालं. आणि मग पाऊस पडला.

गोदाकाठची आमची जमीन म्हणजे काळी कसदार. उसाला, कांद्याला सोनं. खांबाला मात्र शत्रू. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आम्ही अँगल दीड फूट खोल गाडले होते, कारण मांडवात तेवढे पुरत होते. मांडवात सगळे खांब वरून तारांनी एकमेकांना धरून असतात आणि कडेच्या खांबांना बाहेरून ताण असतो, हे आम्ही विसरलो. कुंपणाचा खांब एकटा उभा असतो. ऑगस्टपर्यंत पूर्वेकडचे नऊ खांब बाहेरच्या बाजूला झुकले, आणि दोन इतके की नाना म्हणाले, "हे वारीला निघालेत."

पावसाळा संपल्यावर एकेक उपटून पुन्हा गाडले. अडीच फुटांचा खड्डा, तळाला मुरूम ठोकून, वर काँक्रीट, आणि काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा चार बोटं वर, उतार देऊन, म्हणजे मूत्र-पाणी खांबाच्या बुंध्याशी साचत नाही. शेणामुताने लोखंड बुंध्याशीच गंजतं, मधे नाही. चार कोपऱ्यांना तिरके टेकू दिले. अंगणात सगळीकडे मुरमाचा थर दिला तो वेगळाच खर्च. तो आधीच करायला हवा होता. पहिल्या पावसाळ्यात अंगणाचा नुसता राडा झाला होता, गाई चिखलात बसायच्या आणि दोघींना दगडी झाली. ज्यांना दगडी माहीत नाही त्यांच्यासाठी: कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. औषधाचे दिवस दूध केंद्रावर घालता येत नाही ते वेगळं.

आता गाईंविषयी. कारण कुंपण पुरुषाच्या छातीएवढं असावं, की मानेएवढं, हे गाय ठरवते, आणि आमच्याकडे तीन तऱ्हांच्या गाई.

एचएफ साधीभोळी. पोट भरलं, सावली मिळाली की बसते. कुंपणाची परीक्षा बघत नाही, नुसती अंगाच्या वजनाने त्याला त्रास देते. दूध भरपूर, फॅट साडेतीनच्या आसपास, कधी त्याच्याही खाली गेलं की केंद्रावर भाव कापतात. थंडी तिला मानवते, आणि थंडी आमच्याकडे भरपूर आहे. दर हिवाळ्यात बातम्यांत निफाडचा पारा सांगतात ना, तोच आमचा तालुका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो मोजतात. बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि आमच्या एचएफ उघड्यावर निवांत रवंथ करत बसतात. पण एप्रिल लागला की तीच गाय तोंड उघडून धापा टाकते. दुपारी पंखा आणि पाण्याचे फवारे नसतील तर दूध दोन लिटरने उतरतंच.

जर्सी, आमची हरणी, अंगाने लहान, रंगाने हरणासारखी, फॅट साडेचारच्या वर. आणि डोकं! फाटकाला कडी होती, वरून खाली पडणारी. हरणीने ती जिभेने उचलायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्या गाई कांद्याच्या रोपात. ह्यांनी कडीला खिळा लावला, तो तिने ओठाने ओढून काढला. मी स्वतः उभी राहून बघितलं, म्हणून सांगते. खिळा खाली पडल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मग कडी उचलली. आता साखळी आहे, बाहेरून गुंतवलेली. फाटक बारा फुटी ठेवलंय, शेणखत भरायला ट्रॅक्टर-ट्रॉली आत जावी म्हणून. माणसांसाठी मात्र बाजूला एक फट आहे, सव्वा फुटाची, पाइप जरा आत वळवून केलेली. माणूस आडवा होऊन जातो, गाय अडकते. रोज पन्नास वेळा फाटक उघडझाक करायचं वाचलं. नाना सहज जातात. दूध न्यायला येणारे भाऊ जात नाहीत, ते बाहेरून हाक मारतात.

तिसरी माझ्या माहेरची.

माझं माहेर इगतपुरी तालुक्यात, भाताचा मुलूख. तिथली गाय डांगी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आखूड पाय, काळे टणक खूर. तिच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, त्यावरून पावसाचं पाणी निथळून जातं. चार महिने धो-धो पावसात, चिखलात भाताच्या खाचरात बैल चालायचे ते याच जातीचे. आईने सांगून ठेवलं होतं की एक कालवड तुला देईन. पण त्याच 2022 च्या सप्टेंबरात लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला, जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, आणि देणं राहून गेलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात दादा पिकअपमध्ये घालून तिला घेऊन आला. पिवळा बिल्ला कानात, लस टोचलेली, आणि पोटात चार महिन्यांचं. आम्ही तिचं नाव ठिपकी ठेवलं.

नाना तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "दूध किती?"

"दोन-तीन लिटर, नाना."

"दोन, की तीन?"

मी गप्प बसले. दादा चहा पिता पिता म्हणाला, "नाना, ती दुधाची गाय नाही, पावसाची गाय आहे." नानांना ते आवडलं असावं, कारण पुढे काही बोलले नाहीत.

ठिपकीला शिंगं होती. आमच्या एचएफची शिंगं वासरूपणीच डागून काढलेली. पहिल्या तासात तिने गव्हाणीच्या दोन्ही टोकांना सगळ्यांना हुसकलं, गंगेसकट. पाचशे किलोची गंगा तीनशे किलोच्या ठिपकीपुढे मागे सरकत होती. एकाच गव्हाणीला शिंगाच्या आणि बिनशिंगाच्या गाई ठेवल्या की खालच्या गाई उपाशी राहतात, हे नणंदेने फोनवर सांगितलं, पण ते मला समोर दिसतच होतं. ठिपकीसाठी कोपऱ्यात वेगळी गव्हाण केली, अर्ध्या ड्रमची.

आणि दुसऱ्याच रात्री ती पळाली. कुंपण कुठेही वाकलेलं नाही, साखळी जागच्या जागी. सकाळी ती शेजाऱ्यांच्या लसूणघासात, पोट फुगेल इतकं खाऊन. शेजारचे भाऊ नाराज झाले ते योग्यच होतं. त्यांना घासाचे पैसे दिले. पण गेली कुठून? ह्यांनी आणि मी सगळं कुंपण हाताने चाचपत फिरलो. शेवटी उकिरड्याच्या बाजूला खुरांचे ठसे दिसले. आम्ही शेण काढून कुंपणाला लागूनच आतल्या बाजूला लोटत होतो, पंधरा दिवसांचा ढीग होता. ढिगावर चढलं की सव्वाचार फुटांचं कुंपण अडीच फुटांचं. एचएफना हे वर्षभर सुचलं नव्हतं. डोंगरात चरलेल्या गाईला एका रात्रीत सुचलं.

ढीग हलवला आणि वरच्या पाइपावर, अर्धा फूट उंच, झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची, एक तार ओढली. हे सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालतं, सेकंदाला साधारण एक ठोका देतं. विजेचा दाब जास्त पण ठोका क्षणाचा, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. काही लोक घरातल्या लाइटची तार सरळ कुंपणाला लावतात. त्यात माणसं मेलेली आहेत आणि तो गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला कोणी जाऊ नका. आमचं मशीन मात्र पहिल्या महिन्यात नुसतं टकटक करायचं, गाईला काही लागत नव्हतं. मी वाळलेल्या घासाची नव्हे, ओल्या गवताची काडी लावून बघितली, जरासं मुंग्या आल्यासारखं. दोष अर्थिंगचा निघाला. एकच दीड फुटी सळई ठोकली होती, आणि मे महिन्यात काळ्या मातीत भेगा, म्हणजे सळईला माती धड शिवतच नाही. सहा फुटी तीन सळया, दहा-दहा फूट अंतरावर, हौदाच्या सांडपाण्याशेजारी ठोकल्या. मग झटका बसायला लागला. आता पावसाळ्यात तारेला वेल-गवत चिकटू न देणं हे एक काम वाढलं. गवत शिवलं की वीज जमिनीत जाते. ठिपकीने तार नाकाने एकदा हुंगली. एकदाच.

खोडा, म्हणजे गाय अडकवून धरायची चौकट, तीही मांडवाच्या अँगलचीच केली. गाई मोकळ्या असल्या की डॉक्टरांना लस द्यायची, रेतन करायचं, तर धरायचं कसं, हा नानांचा जुना प्रश्न. फाटकाच्या आत निमुळती वाट केली आणि तिच्या टोकाला खोडा. गाय पेंडीच्या घमेल्यामागे आपण होऊन येते. मुक्तसंचारचा एक फायदा मात्र मला कोणी आधी सांगितला नव्हता. दाव्याला बांधलेली गाय मुका माज दाखवते, म्हणजे माजावर आलेली कळतच नाही, रेतनाचे दिवस चुकतात, एकवीस दिवस पुन्हा वाट बघा. मोकळी असली की पहाटे दिसतंच, कोण कोणावर चढतंय आणि कोण उभी राहतेय. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी डॉक्टरांना बोलवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

बिबट्याचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे उसात तो कायमच असतो, पण ऊसतोड सुरू झाली की त्याची जागा जाते आणि तो वस्तीकडे सरकतो. 2023 च्या डिसेंबरात आधी आमचा कुत्रा गेला. आठवड्याने दोन शेतांपलीकडे वासरू नेलं, वनखात्याचे लोक येऊन पंचनामा करून गेले. आमचं कुंपण गाई आत ठेवायला केलेलं, बिबट्या बाहेर ठेवायला नाही. तीन पाइपांतून तो चालत येईल. मोठ्या गाईंना तो सहसा हात लावत नाही, वासरांना लावतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात गारपिटीने आमची उरलेली अर्धा एकर बागही गेली होती, म्हणजे लोखंड पुन्हा होतंच. त्या अँगलांत वासरांसाठी पंधरा बाय वीसचा पिंजराच केला: सहा फूट चेनलिंक जाळी, खाली काँक्रीटची फूटभर पट्टी म्हणजे उकरता येत नाही, आणि वरूनही जाळी. वरून जाळी कशाला, म्हणून गावात हसले. बिबट्या झाडावर चढतो, त्याला सहा फूट काय.

जानेवारी 2024 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केलं. कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद असलेल्या गाईंनाच ते मिळणार होतं. बिल्ल्यावरचे बारा आकडे वाचायला प्रत्येकीला खोड्यात घेतलं. एका सकाळीत सगळं आटोपलं. दाव्याच्या दिवसांत हेच काम करताना नानांचा पाय गाईखाली आला होता.

पैशांचं विचाराल तर पाइप, काँक्रीट, मुरूम, जाळी, झटका मशीन आणि वेल्डिंगची मजुरी मिळून दीड लाखाच्या वर गेले, त्यात चुकीचं करून पुन्हा केलेलं पंचवीस-तीस हजारांचं असेल. अँगल विकत घ्यावे लागते तर हा नाद केलाच नसता. गंगेचं सड यात धरलेलं नाही.

ठिपकी आता दुसऱ्या वेताला आहे. अडीच लिटर देते, नानांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर मध्ये. ते दूध केंद्रावर जात नाही, घरात राहतं, नानांच्या चहाला. जुलैत पाऊस सुरू झाला की सगळ्या एचएफ पत्र्याखाली एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, आणि ही एकटी अंगणाच्या मधोमध, पाठीवरून पाणी निथळतंय, रवंथ चालू. परवा नाना गोणपाटाची खोळ घेऊन तिच्या पलीकडचा खांब बघायला गेले. पुन्हा जरा झुकलाय म्हणतात, पश्चिमेकडचा. पाऊस उघडला की तो काढायचा आहे.